वल्लं न्हाई, दमट

आमच्या शेजारच्या तुळशीराममामांच्या घरात कासवाचं पिल्लू राहायचं आणि मामा बाहेर ओट्यावर. खिडकीला वाळ्याचा पडदा, पडद्याआड गारव्यात पिल्लाचं खोकं. मामा भर उन्हात बाहेरून पडद्यावर पाणी मारत. जालन्याच्या उन्हाळ्यात आम्ही माणसं भाजून निघायचो आणि हे रुपयाएवढं जनावर वाळ्याचा वास घेत झोपायचं.

मामांची सगळी नोकरी निजामाच्या राज्यात, तालुक्याच्या कचेरीत गेली. काम एकच: साहेबांच्या खिडकीवरच्या वाळ्याच्या पडद्यावर बाहेरून पाणी मारायचं. वीस उन्हाळे मारलं. बोलायचे मात्र असे, की निजामाची गादी त्या पडद्यामुळंच तगून होती!

"वल्लं न्हाई मास्तर, दमट," ते मला बजावत. "वल्ल्यानं सर्दी व्हती, कोरड्यानं पाठीवरलं कवच वाकडं व्हतं. दमट म्हंजी बराबर." रोज सकाळी ते पिल्लाला परातीत बोटभर पाण्यात बसवत. पिल्लू पाणी पिईपर्यंत मामा स्वतः चहाला शिवत नसत.

एकदा माझ्या बायकोनं त्याला भक्तिभावानं हळदीकुंकू वाहिलं आणि कासव ते, पाण्यातच बरं, म्हणून हौदात सोडलं. मामा धोतरासकट हौदात उतरले.

"वैनी, हे जमिनीवरलं हाय! बुडून मेलं असतं की!"

नंतर आठ दिवस त्यांनी आमच्याशी अबोला धरला.

आष्टीला दिलेली त्यांची मुलगी दर उन्हाळ्यात त्यांना चार दिवस राहायला बोलवायची. मामांचं उत्तर ठरलेलं, "मी गेलो तर पडद्यावर पानी कोन मारंल?" मी या उत्तराची नक्कल करून शाळेत सगळ्यांना हसवायचो.

त्या वैशाखात मामा ऊन लागून ओट्यावरच पडले. मी धावत गेलो. अंग नुसतं भाजत होतं, हातातला तांब्या सुटत नव्हता.

"पडदा वाळून राह्यलाय, मास्तर. जल्दी."

"आधी तुम्ही आत चला."

"आत? मंग भाईर कोन?"

"मी आहे ना!"

त्यांना उचलून आत नेलं, खोक्याशेजारी निजवलं, पाणी पाजलं. मग बाहेर येऊन पडद्यावर तांब्यामागून तांब्या रिकामा करू लागलो. पाठ उन्हानं पोळत होती. मध्येच पडद्याशी वाकून हाक मारली.

"मामा?"

"हाय मी." मग अगदी हळू, "मास्तर, आतून असं गार लागतंय व्हय?"

मला माझ्या नकलेची लाज वाटली. मी पुन्हा तांब्या भरला.