चन्नम्माचं एकच कार्ड

महानंदाचं लग्न दहा दिवसांवर आलं, तेव्हा सिद्धप्पानं मानपानाचा सगळा कारभार आईच्या हातून काढून घेतला आणि बुटाच्या एका रिकाम्या खोक्यात घातला. खोक्यात कार्डं होती. हाताच्या पंजाएवढी, पांढरी, एका आकाराची. प्रत्येकावर नंबर, नाव, गाव, नातं आणि आहेर असे पाच रकाने त्यानं स्वतः पट्टीनं आखले होते.

सिद्धप्पा मिलमध्ये टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून होता. मिलच्या मालकांनी कामगारांची माहिती पुण्याच्या एका कॉम्प्युटरवर चढवायचं ठरवलं आणि त्यासाठी सिद्धप्पाला तीन आठवडे पुण्याला शिकायला धाडलं. प्रत्यक्ष कॉम्प्युटर त्यानं काचेच्या बाहेरून दहा मिनिटं पाहिला, तोही पाठीमागून. पण शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर जे काढलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. ज्याची नोंद ठेवायची ती प्रत्येक गोष्ट चौकोनात. दोन चौकोनांमधलं नातं शंकरपाळ्याच्या आकारात. आणि टेबलावर डस्टर आपटून साहेब म्हणाले होते, की एका माणसाची दोन ठिकाणी नोंद झाली तर घोळ झालाच समजा.

घोळ सिद्धप्पानं भोगला होता. मागे चुलतभावाच्या लग्नात अक्कलकोटच्या एका पाहुण्याला दोनदा टॉवेल-टोपी मिळाली होती आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला एकदाही नाही. तो शेजारी तीन वर्षं या घराच्या पाण्याला शिवला नव्हता. या वेळी असं काही होऊ द्यायचं नाही, असं सिद्धप्पानं पुण्याहून येतानाच ठरवलं होतं.

त्याची आई चन्नम्मा लिहिता-वाचता न येणारी बाई. तिची रीत वेगळी होती. चादर अंथरून ती मधोमध बसायची आणि गाठोडी बांधत जायची. हे विहिणीचं, हे आजीचं, हे मामाचं, हे थोरल्या जावयाचं. माणसाचं नाव तिच्या तोंडून सगळ्यांत शेवटी यायचं, कधी कधी यायचंही नाही.

"अव्वा, आता गाठोडी बंद," सिद्धप्पा म्हणाला. "एक माणूस, एक कार्ड, एक आहेर."

"चालंल की," चन्नम्मा म्हणाली. "लेक शिकून आलाय तर करू दे."

आता हे लग्न म्हणजे घरातल्या घरातलंच होतं. सिद्धप्पाची थोरली बहीण गुरम्मा दुधनीला दिलेली, आणि महानंदा ही तिची मुलगी. नवरदेव होता ईरप्पा, सिद्धप्पाचा धाकटा भाऊ, म्हणजे महानंदाचा सख्खा मामा. मामानं भाची करायची ही त्यांच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची रीत, त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. शिवाय महानंदा वाढली होती ती चन्नम्माजवळच. गुरम्माला पाठोपाठ दुसरं मूल झालं म्हणून चार महिन्यांसाठी आजीकडे ठेवलेली पोरगी दहा वर्षं राहिली. आजीच्या पदराला धरून झोपायची तिची सवय दुधनीला गेल्यावर मोडता मोडेना.

सिद्धप्पानं वरपक्षाची यादी केली, मग वधूपक्षाची केली, आणि दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर त्याला घाम फुटला. अर्धी माणसं दोन्हीकडे होती. तो तीन संध्याकाळी बसला आणि दुबार नावं एकेक करून काढून टाकली. दोनशे एकेचाळीसची एकशे त्र्याहत्तर झाली. त्या हिशेबानं साड्या आणि टॉवेल-टोप्या आणल्या, एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्याची बायको दाक्षायणी कार्डं चाळता चाळता थांबली. "अवो, अव्वांचं तुमी एकच कार्ड केलंय."

"एका माणसाचं एकच असतं."

"पर त्या दोन्हीकडनं हाईत की."

"हाईत ना, पण बाई एकच हाय. दोन चन्नम्मा कधी बघितल्यास का तू या घरात?"

दाक्षायणीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिनं दोन काय, चांगल्या चार चन्नम्मा बघितल्या होत्या. पण नवरा पुण्याला जाऊन आलेला असल्यामुळे तिनं कार्ड होतं तिथं परत ठेवलं.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात दहा वाजता मानपान सुरू झालं. अक्षता साडेबाराच्या होत्या. माईकवर टाइम ऑफिसातला श्रीमंत होता. मिलच्या गेटवर कामगारांचे नंबर पुकारून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की माईक नसता तरी चाललं असतं. सिद्धप्पा पडद्यामागून क्रमानं कार्डं देई, श्रीमंत पुकारी, आणि दाक्षायणी आहेर पुढे करी. पहिला अर्धा तास इतका सुरळीत गेला, की सिद्धप्पाला पुण्याच्या साहेबांना पत्र लिहावंसं वाटू लागलं.

मग गुरम्माचे यजमान शिवलिंगप्पा पडद्यामागे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

"सिद्धप्पा, आमी या घरचं जावई हाय का न्हाय?"

"हे काय विचारणं झालं दाजी?"

"मग नवरदेवाचा थोरला भावजी म्हनून आमाला पुकारलं कसं न्हाय?"

सिद्धप्पानं कार्ड काढून दाखवलं. "बघा की. तुमचं नातं वधूपिता. वधूपिता आज देणारा असतो, घेणारा नसतो."

शिवलिंगप्पांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "म्हंजे पोरगी दिली आनि जावईपन गेलं," ते म्हणाले, आणि शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सिद्धप्पा त्यांच्या मागे जाणार, तोवर माईकवरून आवाज आला, "नवरदेवाच्या मातोश्री, चन्नम्माबाई." गुरम्मानं आपल्या आईला विहीण म्हणून साडी दिली, पाया पडली, दोघी हसल्या. साडी मांडीवर ठेवून चन्नम्मा तिथेच बसून राहिली. आता तिला आजेचीर मिळायचं होतं. नवरदेवाकडून नवरीच्या आजीला मानानं द्यायची ती साडी. महानंदाची दुधनीची आजी कधीच गेली होती, तेव्हा आजी एवढी एकच होती.

"नवरीच्या आत्या, बाळाबाई," श्रीमंतनं पुकारलं.

चन्नम्मानं मान वर केली. आत्यानंतर मावशी झाली, मावशीनंतर काकू. चन्नम्मा उठली. मांडीवरची साडी खुर्चीवर ठेवून ती कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेली, जिथे आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या, आणि वांग्यांच्या पाटीशेजारी जमिनीवर बसली.

सिद्धप्पा धावत आला. "अव्वा, झालं काय?"

"काय न्हाय. तुज्या पेटीत नवरीला आजी न्हाय. मामा पन न्हाय. आजोळच न्हाय पोरीला."

मामा नाही, हे सिद्धप्पाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक मामा नवरदेव होता आणि दुसरा पडद्यामागे कार्डं लावत होता. त्यानं स्वतःच्या कार्डावर 'वराचा भाऊ' लिहून खोक्यात ठेवून दिलं होतं.

"अगं, तुला वराची आई म्हणून लिहिलंय. तो मान मोठा."

"मोटा असंल. पर पोरीची सासू मी आज दुपारी व्हनार हाय. आजी एकोनीस वर्सं हाय. ते कुनाला विचारून खोडलंस?"

सिद्धप्पानं हातातलं तिचं कार्ड पुन्हा वाचलं. आणि हे बोलणं भिंतीपलीकडच्या खोलीत मुंडावळ्या बांधून घेत असलेल्या महानंदाला शब्द न् शब्द ऐकू गेलं. ती तशीच बाहेर आली, एक मुंडावळी बांधलेली, एक लोंबणारी, आणि आजीशेजारी जमिनीवर बसली.

"उट गं, शालू मळंल," चन्नम्मा म्हणाली.

"मळू दे. अज्जी, मला एक महिन्यापासनं ह्याचंच भ्या वाटतंय. सगळ्या बाया सांगत्यात, आता आजी म्हनायचं न्हाय, सासू म्हनायचं. तू नुसती सासूच र्‍हानार असशील तर मला न्हाय करायचं हे लगीन."

ते हट्टानं म्हटलेलं नव्हतं. माहेर सुटायचं दुःख सगळ्या पोरींना असतं. हिचं माहेर समोरच बसलं होतं आणि तेच सासर होणार होतं, आणि रडायला तर आजीचाच पदर लागायचा. याच पोरीला सिद्धप्पानं खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेत फिरवलं होतं.

घड्याळात बारा वाजायला आले. ईरप्पा बाशिंग हातात धरून आला. "दादा, अक्षता हाईत का न्हाईत? भटजी घड्याळ बघायलेत."

"अव्वा, मी तुझं दुसरं कार्ड करतो," सिद्धप्पा म्हणाला.

"आनि साडी?"

साडी नव्हती. हिशेबानं आणलेले आहेर हिशेबानं संपले होते. खोक्याशेजारी आता फक्त सुतळी उरली होती.

"शिवाय अव्वा, आजेचीर देतं कोण? नवरदेवाची आई. म्हणजे देणारी तूच. आणि घेणारी पण तूच. हे बसवायचं कसं?"

"बसवायचं काय त्यात?" चन्नम्मा म्हणाली. "देनारी तयार हाय, घेनारी तयार हाय. मधी तुजं कार्डच आडवं आलंय."

चुलीजवळचा आचारी हसला आणि पुन्हा भाताकडे वळला. सिद्धप्पा मात्र हातातल्या कार्डाकडे बघत राहिला. साहेबांनी नातं शंकरपाळ्यात काढलं होतं, चौकोनाच्या बाहेर, दोन माणसांच्या मधोमध. ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं म्हणूनच बाहेर काढलं असणार. सिद्धप्पानं मात्र जागा वाचवायला ते माणसाच्या कार्डात एका ओळीत कोंबलं होतं, आणि एका ओळीत एकच नातं मावत होतं. आई एवढी वर्षं जी गाठोडी बांधत होती ती माणसांची नव्हती, नात्यांची होती. म्हणून तर एकेक माणूस तिच्याकडून दोन-दोन गाठोडी घेऊन जायचा. हे समजायला आपल्याला पुण्याला जावं लागलं आणि तिथं जाऊनही समजलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"अव्वा, चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझं आजीपण मी खोडायला नको होतं."

"चुकलास न्हवं? मग मला साडी नको. नुसतं पुकारा. समद्यांच्या कानावर पडू दे."

सिद्धप्पानं कोऱ्या कार्डावर उभ्याउभ्या लिहिलं आणि ते श्रीमंतच्या हातात दिलं. श्रीमंतनं ते वाचलं, मग सिद्धप्पाकडे पाहिलं, मग पुन्हा वाचलं.

"हे असंच म्हनू?"

"असंच म्हण."

"नवरीच्या आजी चन्नम्माबाई यांना," श्रीमंत माईकवर म्हणाला, "नवरदेवाच्या मातोश्री चन्नम्माबाई यांच्याकडनं, आजेचीर."

मांडवात कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण चन्नम्मा शांतपणे पुढे आली, खुर्चीवरची आपली साडी तिनं उचलली, कुंकू लावून तिचा मान केला, आणि डावीकडे उभ्या असलेल्या महानंदाच्या हातात ठेवली. "नवरदेवाच्या आईचा आहेर हाय," ती म्हणाली. "तुज्या आजीला दे." महानंदानं साडी घेतली आणि आजीच्या हातात दिली. चन्नम्मानं ती कपाळाला लावली. दुधनीच्या सगळ्या बाया डोळे पुसू लागल्या. मग श्रीमंतनं कार्डाची वाट न बघता थोरल्या जावयांना पुकारलं, दाक्षायणीनं सिद्धप्पाच्या खांद्यावरचा नवा टॉवेल ओढून पुढे केला, आणि शिवलिंगप्पांनी टोपी डोक्यावर घातली. अक्षता वीस मिनिटं उशिरा पडल्या. भाचीच्या पाठीमागे मामा म्हणून सिद्धप्पा उभा होता.

पण एकदा दोन्ही नाती चारचौघांत पुकारली गेली म्हटल्यावर ती दोन्ही निभावावी लागतात. चार वाजता पाठवणी निघाली. कार्यालयाच्या दारात आजी नातीच्या गळ्यात पडून रडली. इतकी रडली, की बँडवाले वाजवायचे थांबले. फुलं लावलेली ॲम्बॅसेडर निघाली, आणि दाक्षायणी सिद्धप्पाच्या कानाशी येऊन म्हणाली, "अवो, नवी सून घरी पोचायली. तिला ओवाळून आत घ्यायला सासू कुटं हाय तितं?"

सासू फाटकात पदरानं नाक पुसत उभी होती. रिक्षा एक दिसेना. सिद्धप्पानं श्रीमंतची सायकल घेतली, आईला मागच्या कॅरेजवर बसवलं आणि पायडल मारायला सुरुवात केली. गाडी वाटेत सिद्धेश्वराच्या दर्शनाला थांबणार होती, तेवढाच वेळ होता.

"जपून रं," मागून चन्नम्मा म्हणत होती. "आनि जरा बिगी."

ती घरात शिरली, आरती पेटवली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, आणि तेवढ्यात गाडी दारात थांबली. महानंदा उतरली. समोर तिची सासू आरतीचं ताट धरून उभी होती. पदर नीट, मान ताठ, आणि डोळे रडून लाल.

महानंदा माप ओलांडायची थांबली. तिनं हळूच विचारलं, "आता कोन हाईस तू?"

चन्नम्मानं तिला ओवाळलं, पदरानं तिच्या गालावरचं पाणी पुसलं, आणि म्हणाली, "आदी आत ये. मग दोगी मिळून बगू."

सिद्धप्पा सायकल भिंतीला टेकवून धापा टाकत उभा होता. त्याच्या खिशात एक कोरं कार्ड राहिलं होतं, पण ते काढायचं त्याला सुचलं नाही.