पेटी म्हणाली, सावकाश जावा

धोक्याची सूचना मिळाली की माणूस सावध होतो, असे सर्व शास्त्रांनी गृहीत धरले आहे. गृहीत धरलेली गोष्ट तपासून पाहण्याची पद्धत नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र एका प्रकल्पामुळे ती तपासली गेली. आकडेमोड माझ्याकडे होती.

प्रकल्पाचे नाव ‘बोलती पेटी’. दोनशे चाळीस वाहनांत, म्हणजे वडापच्या, भरेल तशा सुटणाऱ्या प्रवासी जीप, उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो आणि काही प्रतिष्ठितांच्या मोटारींत, जेवणाच्या डब्याएवढी पेटी बसवण्यात आली. या पेट्या बिनतारी एकमेकींशी बोलतात, कोण कुठे आहे ते एकमेकींना कळवतात आणि पुढच्या धोक्याची चालकाला तोंडी सूचना देतात. (शेजारणी हे काम पूर्वीपासून करतात, त्यांना अनुदान नाही.)

सुरुवातीला पेटी म्हणत असे, ‘‘चालक महोदय, आपल्या मार्गात पुढे मंदगती वाहन मार्गक्रमण करीत असल्याने कृपया आपला वेग मर्यादित करावा.’’ हे वाक्य बोलायला ६.४ सेकंद लागतात. ताशी साठच्या वेगाने तेवढ्यात वाहन १०७ मीटर जाते. सूचना शंभर मीटरवरून दिली जाई. म्हणजे धोका मागे पडून सात मीटर झाल्यावर वाक्य पूर्ण होई. (व्याकरण निर्दोष होते.)

म्हणून भाषा उपसमिती नेमली. तिने चार बैठका घेऊन ठरवले की सूचना छोटी, गोड आणि इथल्या बोलीतली असावी. एका शिक्षिकेच्या आवाजात नवी सूचना भरली गेली: ‘‘सावकाश जावा.’’ वेळ १.१ सेकंद.

आता आपल्याकडे हे शब्द कधी म्हणतात? पाहुणा चप्पल घालून अंगणात उतरला की म्हणतात. त्यांचा अर्थ, आता निघा. पाहुणा ‘‘व्हय, येतो’’ म्हणतो आणि गाडीला किक मारतो. हे ऐकून कोणी आजवर सावकाश गेल्याची नोंद मला सापडली नाही. उपसमितीचे पाचही सदस्य इथलेच. प्रत्येक बैठकीनंतर ते एकमेकांना हेच म्हणून भरधाव घरी जात होते.

निष्कर्ष पुढीलप्रमाणे. सूचना ऐकून ९६ टक्के चालकांनी पेटीला ‘‘व्हय, येतो’’ असे उत्तर दिले. अहवालात हे ‘प्रतिसाद’ या सदरात घातले. (एवढा प्रतिसाद समितीच्या बैठकांनाही मिळत नाही.) धोक्याच्या जागी सरासरी वेग पूर्वी ३८ होता, तो ५३ झाला. अहवालात हे ‘वाहतुकीची सुलभता’ या सदरात घातले.

खुलाशासाठी मी इलाहीबक्षभाईंना भेटले. ते बावीस वर्षे अक्कलकोट बाजूला वडाप चालवतात.

‘‘पेटी सावकाश म्हणते, आणि तुम्ही वेग वाढवता?’’

‘‘मॅडम, ती बाई निरोप द्यायलीय की! निरोप दिल्यावर दारात हुबं ऱ्हायचं असतंय व्हय? लोक काय म्हनतील?’’

याला तक्त्यात सदर नव्हते.

त्याच मार्गावर एक आंधळे वळण आहे. गोजाबाई तिथून रोज दोनदा चाळीस मेंढ्या पलीकडच्या तळ्यावर नेतात. दुसरी वाट नाही, दुसरे पाणी नाही. पूर्वी वळण आले की चालक आपणहून वेग कमी करत, कारण पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नसे. आता ते पेटीला ठाऊक असते. मेंढ्यांकडे पेटी नव्हती. ज्याच्याकडे पेटी नाही ते रस्त्यावर नाही, असे प्रणाली मानते. (तत्त्वज्ञानात असा एक पंथ असल्याचे ऐकते.) दोन महिन्यांत पाच मेंढ्या गेल्या. अहवालात त्या नाहीत, कारण त्या रस्त्यावर नव्हत्या.

गोजाबाई कार्यालयात आल्या.

‘‘बाई, आदी गाडीवाली रस्त्याकडं बगत हुती. आता पेटीकडं कान लावून बसत्यात. पेटी गप, म्हंजी रस्ता मोकळा. मग मी कोन हाय तितं? मेंढरं संपली की माजा नंबर लागंल की.’’

समितीचे अध्यक्ष अभिमन्यूराव यांनी तक्रारीची तत्काळ दखल घेतली आणि कळपातल्या सर्वांत मोठ्या मेंढ्याच्या गळ्यात पेटी बांधण्याचा ठराव केला.

‘‘सायेब, ह्यो कवा फुडं चालतोय?’’ गोजाबाई म्हणाल्या. ‘‘फुडं ती लंगडी ऱ्हाती. ह्यो नुस्ता दिसाया थोराड हाय.’’

तरीही मेंढाच निवडला गेला. (सर्वांत मागे चालणाऱ्या नेतृत्वावर समितीचा विश्वास आहे.) आता कळप प्रणालीला दिसू लागला. शंभर मीटरवर पेटी म्हणू लागली, ‘‘सावकाश जावा.’’ चालक म्हणू लागले, ‘‘व्हय, येतो.’’ पहिल्या आठवड्यात लंगडी गेली.

तेव्हा मी एक नियमबाह्य गोष्ट केली. गोजाबाईंना विचारले, गाडी अंगावर आली तर तुम्ही काय म्हणता? त्यांनी म्हणून दाखवले. मी ते ध्वनिमुद्रित करून चाचणी म्हणून सर्व पेट्यांत घातले.

‘‘थांब की रं मुडद्या! डोळं फुटलं का तुजं?’’

वेळ दोन सेकंद. पहिल्या अकरा दिवसांचे आकडे असे. वळणावरचा सरासरी वेग नऊ. सर्व वाहने थांबली. चौघांनी खाली उतरून, कोण बोलले ते शोधले. एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी बाजूला घेऊन आईला फोन केला आणि सगळे ठीक आहे ना, असे विचारले. मेंढ्या चौतीसच्या चौतीस राहिल्या. गोजाबाईंनी मला ताकाची किटली पाठवली.

बाराव्या दिवशी तक्रारी मोजल्या. सदतीस होत्या. पहिली अभिमन्यूरावांचीच.

‘‘सुनेसमोर मुडदा म्हणाली मला! माझ्याच मोटारीत!’’

‘‘पण सर, तुम्ही थांबलात.’’

‘‘थांबलो! तोच तर अपमान!’’

समितीने मानले की सुरक्षिततेला महत्त्व आहेच, परंतु चालकाच्या स्वाभिमानाचे काय? लोकशाही मार्गाने जाहीर सूचना काढली: गोड आवाज पूर्ववत करण्यास हरकत असल्यास तीस दिवसांत विहित नमुन्यात, लेखी कळवावे. न कळवल्यास संमती गृहीत धरली जाईल.

गोजाबाई हरकत घ्यायला स्वतः आल्या. त्यांची हरकत तोंडी होती. ‘‘ल्हिवून घ्या की वो,’’ असे त्या म्हणाल्या, पण नमुन्यातले अर्ज संपले होते. एकतिसाव्या दिवशी गोजाबाईंचा आवाज निघाला आणि शिक्षिकेचा परत आला.

पस्तिसाव्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, वाहन क्रमांक १३७ वळणावर आले. नोंद स्पष्ट आहे: सूचना वेळेवर दिली गेली, चालकाने पोच दिली, वेग ५६. गोजाबाई मेंढ्याला ओढून बाजूला घेत होत्या. मेंढा जागीच मेला. गोजाबाईंचे दोन्ही पाय गेले. पेटी शाबूत होती; ती मेंढ्याच्या गळ्यातून, रस्ता मोकळा होईपर्यंत, येणाऱ्या प्रत्येक चालकाला त्याच्या पेटीमार्फत निरोप देत राहिली.

चौकशीत कोणीही दोषी आढळले नाही. चालकाने प्रणालीवर, प्रणालीने समितीवर आणि समितीने जनतेच्या संमतीवर विश्वास ठेवला होता. निर्णयाला संमती देणाऱ्यांची यादी अहवालाला जोडायची होती, ती मी केली आहे. त्यात हरकत न कळवलेले सगळे आहेत. जाहीर सूचना कुठे लागली होती, हे तुम्ही विचाराल. नेहमीच्याच जागी. त्या तीस दिवसांत तुमच्याकडून आमच्याकडे काहीही आलेले नाही. यादीतल्या तुमच्या नावाचे शुद्धलेखन तेवढे तपासून कळवावे.