थॉर्नचेस्टरची रांग

"अरे, आमच्या कॅथीड्रलपुढे तुमचं ऑल्डमिन्स्टरचं कॅथीड्रल म्हणजे कोंबड्यांचं खुराडं!" नॉर्मन टिडस्वेलने फोनवर आपल्या साडूला, क्लाइव्हला, ठणकावून सांगितलं आणि तिथेच तो फसला.

नॉर्मनचा जन्म थॉर्नचेस्टरचा. सगळी नोकरी कॅथीड्रलला वळसा घालत बस हाकण्यात गेली. पण आत? आत तो शाळेत असताना एकदाच गेला होता आणि एका बिशपच्या थडग्यावर ओकला म्हणून मास्तरांनी कान धरून बाहेर काढला होता. गावातलं कोण जातं हो कॅथीड्रल बघायला? बघायचं बाहेरच्यांनी, गर्व करायचा गावकऱ्यांनी. वाटणी ठरलेली!

पण या खेपेला प्रश्न गर्वाचा नव्हता, नाताळचा होता. दर नाताळला नॉर्मन आणि त्याची बायको ब्रेंडा तिच्या बहिणीकडे, ऑड्रीकडे, जायचे. ऑड्रीचा नवरा हा क्लाइव्ह. बड्या लोकांच्या पोरांना इतिहास शिकवून निवृत्त झालेला आणि अजून ती शाळा सुटलीच नाही अशा थाटात बोलणारा. त्याच्या घरात हीटर ही शोभेची वस्तू! मागच्या नाताळला नॉर्मनने टर्की खाल्ली ती ओव्हरकोट घालून. आणि जेवण झालं की क्लाइव्ह भिंतीवर पडदा लावून स्लाइड्स दाखवायचा. कसल्या? चर्चच्या खांबांच्या! एक खांब संपला की दुसरा खांब. माणसाने खून करावा नाही तर झोपावं, आणि तिथे थंडीने झोपही येत नसे.

"ठीक आहे," क्लाइव्ह फोनवर म्हणाला. "शनिवारी येतो. आमच्याकडे नाही असं एक, फक्त एक काहीतरी दाखव. दाखवलंस तर नाताळ तुझ्या घरी. नाही तर मरेपर्यंत माझ्याकडे, आणि थंडीबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"बोलशील ते कबूल!" नॉर्मन म्हणाला.

शनिवारी दोघी बहिणी आल्या आल्या चहाच्या खोलीत घुसल्या, त्या घुसल्याच. नॉर्मनने छाती काढून साडूला आत नेलं. आधी मनोरा! तर मनोऱ्याला परांच्या बांधलेल्या आणि दाराला कुलूप.

"आमचा मनोरा चालू असतो," क्लाइव्ह म्हणाला.

मग जुनं हस्तलिखित बायबल. काचेची पेटी होती, आत बायबल नव्हतं. ओल लागली म्हणून दुरुस्तीला गेलेलं.

"आमच्याकडे दोन आहेत. कोरडी."

उरले बिशप. हयातभर गरिबांच्या जमिनी गिळून मेल्यावर संगमरवरात हात जोडून पहुडलेले, ओळीने. जणू काही यांनी कधी माशीसुद्धा मारली नाही! क्लाइव्हने प्रत्येकाकडे मान तिरकी करून पाहिलं.

"आमचे जास्त लांब आहेत," तो म्हणाला आणि भिंग काढून एका खांबाला चिकटला.

नॉर्मनचा गुडघा ठणकायला लागला. बसच्या क्लचने खाल्लेला गुडघा तो! कोपऱ्यात एका बुटक्या, काळ्याकुट्ट ओक लाकडाच्या दारापुढे तो भिंतीला टेकून उभा राहिला. डोळ्यांपुढे पुढचा नाताळ दिसत होता, त्याच्या पुढचाही दिसत होता आणि सगळीकडे खांबच खांब.

मागे कुणीतरी खाकरलं. एक म्हातारा-म्हातारी त्याच्या पाठीमागे शिस्तीत उभे होते.

"हीच ना हो रांग?" म्हातारीने हळूच विचारलं.

'नाही बाई, गुडघा धरलाय,' असं नॉर्मन म्हणणारच होता. पण तेवढ्यात भिंग पुसत क्लाइव्ह आला.

"हीच!" नॉर्मन म्हणाला.

"कसली रांग?" क्लाइव्ह.

"कळेल! सगळ्यांना दाखवत नाहीत."

क्लाइव्हच्या भुवया वर गेल्या. पण रांग म्हणजे रांग. साडूजवळ न घुसता तो मुकाट्याने म्हातारा-म्हातारीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे एक पाद्री आला. पाद्र्यामागे एक भलंथोरलं कुटुंब. मग एका सहलीची आख्खी बस! आम्हा इंग्रज लोकांचं एक आहे: रांग कसली आहे ते विचारायचं नाही. ते परक्या बाईला वजन विचारण्यासारखं. रांग दिसली की लागायचं. घराला आग लागली तरी आम्ही आधी रांग लावू, मग किंचाळू.

रांग बिशपांना वळसा घालून थेट मुख्य दाराबाहेर गेली. नॉर्मन मागे वळून म्हाताऱ्याला म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा ना, मला घाई नाही."

"छे छे! तुम्ही आधी आलात."

"अहो, खरंच व्हा!"

"असं कसं? लोक काय म्हणतील?"

सुटायची सोय नव्हती. रांगेत पहिला उभा असलेला माणूस निघून गेला, असं थॉर्नचेस्टरात कधी झालेलं नव्हतं.

आणि मग जांभळा पट्टा आला. म्हणजे पट्ट्याच्या आत मिसेस पॉन्सफर्ड, कॅथीड्रलच्या स्वयंसेविका. फुकट काम करणारी माणसं पगारी माणसांपेक्षा जास्त हुकूम सोडतात, त्यातल्या ह्या मुकुटमणी! नॉर्मन मनात म्हणाला, मेलो.

बाईंनी रांग पाहिली. दार पाहिलं. आत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ते कबूल करायचं? पट्टा घालून? प्राण गेला तरी नाही!

"भिंतीला धरून उभे राहा!" त्या कडाडल्या. "एका वेळी सहा जण! दिव्याची चमक पाडून फोटो काढायचे नाहीत!" आणि त्यांनी दोरी आणून बांधलीसुद्धा.

तेवढ्यात दार कुरकुरलं आणि आतून उघडलं. ॲप्रन घातलेली, हातात वाफाळता मग, अशी विन बाहेर आली. विन म्हणजे कॅथीड्रल झाडणारी. तिने डाव्या हाताला पाहिलं, उजव्या हाताला पाहिलं.

"काय झालं? मेलं का कुणी?"

"पहिले सहा, आत!" मिसेस पॉन्सफर्ड ओरडल्या.

नॉर्मनला मागच्यांनी आत ढकललं. ती अडगळीची खोली होती! दोन बादल्या, तीन खराटे, फिनेलचा वास, एक स्टूल, विनची किटली, अर्धा खाल्लेला केक. कोपऱ्यात नाताळच्या देखाव्यातला लाकडी योसेफ, त्याच्या पसरलेल्या हातांवर भांडी पुसायचं फडकं वाळत घातलेलं.

इतका वेळ रांगेत उभं राहून 'इथे काही नाही' असं म्हणायचं? मग उभं राहिलो ते कशाला?

"किती साधं..." म्हातारीने डोळे टिपले.

"काहीच बदललेलं नाही," म्हातारा कुजबुजला आणि त्याने बादलीत एक नाणं टाकलं.

"अहो, ती फरशी पुसायची बादली आहे!" विन खेकसली. पाद्र्याने तिला वाकून नमस्कार केला.

क्लाइव्ह योसेफापुढे कितीतरी वेळ उभा होता. नॉर्मनला वाटलं, आता हसेल. आता म्हणेल, आमचे खराटे जास्त लांब आहेत!

क्लाइव्हने टोपी काढली.

"हरलो," तो म्हणाला. "आमच्याकडे असं काहीच नाही, नॉर्मन. आमच्याकडे सगळं काचेत ठेवलेलं."

नॉर्मनला नाचावंसं वाटलं. नाताळ आपल्या घरी! आपली खुर्ची! आपला हीटर, लाल होईपर्यंत!

"शब्द म्हणजे शब्द," क्लाइव्हने त्याचा खांदा दाबला. "नाताळ तुझ्याकडे. एका दिवसात काय होतंय? चांगले आठवडाभर राहू. ही खोली नीट अभ्यासायला हवी. आणि काळजी करू नकोस, स्लाइड्सची पेटी मी आणतो. पडदाही आणतो. तुमच्याकडे ऊब आहे म्हणतोस, मग उशिरापर्यंत बसू!"

नॉर्मनचा चेहरा योसेफासारखा लाकडी झाला. क्लाइव्ह ही बातमी ऑड्रीला सांगायला चहाच्या खोलीकडे धावला. नॉर्मन जागचा हलला नाही. तो विनच्या कानाशी वाकला.

"बाई, नाताळच्या आठवड्यात हे स्टूल रिकामं असेल का हो? मी एका कोपऱ्यात पडून राहीन. पायसुद्धा पसरणार नाही."

विनने चहाचा घोट घेतला आणि दाराकडे बोट केलं.

"रांग तिकडून आहे, बाबा!"