कोरडी दारू

मी इंझोरीला शाळामास्तर होतो, तेव्हा माझे शेजारी गुणवंतराव रोज सकाळी अंगणात दारू वाळत घालीत. साल पंचावन्नच्या आसपास, दारूबंदीचे दिवस. म्हणून लगेच सांगून टाकतो, ही दारू बंदुकीची, काडतुसांतली. बाजेवर गोधडी अंथरून कोवळ्या उन्हात ते बारा बोअरची काडतुसं ओळीने निजवत आणि घटकाभराने एकेकाची कूस बदलत. पलीकडे त्यांच्या बायकोचे सांडगे वाळत. त्यांवर कावळा बसला तरी यांचं लक्ष नसे.

गावात परवान्याची बंदूक त्यांची एकट्याची. दिवेलागणीला रानडुकरं पिकात शिरली की माणसं त्यांनाच हाक मारत. ते निघाले की पोरंबाळं वाट सोडत, आणि गुणवंतरावही जरा छाती काढून चालत. त्या एका मानावर माणूस जगत होता म्हणा ना.

काडतुसांबद्दल विचारायची सोय नव्हती. विचारलं की शाळा बुडाली. नळी पुठ्ठ्याची, ती सादळली की फुगते अन् बंदुकीत शिरत नाही. बूड पितळेचं, त्यात टोपी, त्यावर दारू, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, वर छर्रे, आणि तोंडाशी पुठ्ठ्याची झाकणचकती. नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक. "सरकारी कामावानी उलटं," असं ते वर म्हणत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "दारू कोरडी पायजे, मास्तर. माणूस ओला असला तं चालते."

पण इतक्या वर्षांत एक डुक्कर पडलं नव्हतं. बार व्हायचा, डुकरं पळायची, संपलं. पारावर मी त्यांच्या नेमाच्या नकला करी. लोक हसत, आणि मला हसू मिळालं की ताळतंत्र राहत नसे. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

एके दिवशी त्यांची पाठ वळलेली पाहून मी बाजेवरची दोन काडतुसं उचलली. मास्तर असून चोरी केली. दारूच सादळलेली असणार, हे मला चारचौघांत सिद्ध करायचं होतं. पारावर चाकूने तोंडाची झाकणचकती उचकटली आणि काडतूस धोतरावर उपडं केलं.

ज्वारी पडली. दुसऱ्यातूनही ज्वारीच.

पार हसून लोळला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. त्या दिवसापासून गुणवंतरावांना गाव 'हुरडेवाले' म्हणू लागलं. डुकरं आली तर लोक डबे वाजवत, यांना कोणी हाक मारीना. बाज अंगणात रिकामी पडली.

आठवड्याने मी माफी मागायला गेलो. ते सांडग्यांवरचे कावळे हाकलत बसले होते. मी चोरी कबूल केली. त्यांनी नुसती मान हलवली. चहा आला. मग मी विचारलं, ज्वारी काहून भरली?

त्यांनी हळूहळू सांगितलं. कधीकाळी दिवेलागणीला शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ, काहीतरी हललं. डुक्कर समजून त्यांनी बार टाकला. ओरडली ती बाई. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातली, कापणीनंतर पडलेली कणसं वेचायला वाकलेली. छर्रे दंडात घुसले. बैलगाडीतून कारंज्याला नेली, वाचली, पण हात अधू राहिला. तिने कोणालाही यांचं नाव सांगितलं नाही. तेव्हापासून हे प्रत्येक काडतुसातले छर्रे काढून ज्वारी भरत आले. बंदूक टाकून दिली असती, तर गावाने कारण विचारलं असतं.

मी खाली पाहून म्हणालो, निदान ज्वारी तरी काहून? माती भरायची, भुसा भरायचा.

"डुकराले का, बारच पुरते," ते म्हणाले. "पण अंधारात पुन्हा माणूसच असलं तं? थे बाई ज्वारीसाठीच तं आलती, मास्तर. चुकून लागलीच, तं ज्वारी लागो."

मला माझीच लाज वाटली. चहा तसाच निवला. खिशात मी ती दोन फोडलेली काडतुसं परत द्यायला आणली होती. ती काढून बाजेवर ठेवली. त्यांनी एक उचललं, कानाशी हलवलं. आत काही वाजलं नाही; ज्वारी सांडली होती, दारू नमद्याखाली तशीच दाबलेली होती.

"राहू द्या," ते म्हणाले. "दारू कोरडी हाय अजून."

डोळे मात्र त्यांचे ओले होते, आणि माझ्याकडे बघायचं ते टाळत होते. जणू चोरी त्यांनीच केली होती.