जागा धरणारी खुर्ची

"माझ्या खुर्चीला हात लावणारा अजून जन्माला यायचाय!" स्टेलाबाई गरजली आणि फावडं भिंतीला टेकवलं.

पिट्सबर्गच्या त्या चढाच्या गल्लीत कायदा एकच. बर्फ ज्यानं उपसला, गाडीची जागा त्याची! तिथं घरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवायची आणि खुशाल जायचं. पोलीससुद्धा तिला वळसा घालतो! स्टेलाची कंबर पार कामातून गेली, पण आज नवरा लेनी नवा गुडघा बसवून दवाखान्यातून यायचा होता. गाडी दारातच लागायला हवी.

लेनीला घेऊन ती आली, तर खुर्ची गायब! जागेवर भलतीच व्हॅन. अख्ख्या गल्लीत एक खुर्ची नाही! जो तो दुसऱ्याच्या जागेत घुसलेला, रस्ता तुंबलेला, आणि सगळे एकमेकांचा बाप काढतायत.

चर्चसमोर मात्र खुर्च्यांचा मनोरा! शेजारी कलाकेंद्राची नवी पाहुणी कलाकार, मॅरेन, पहिलटकरणीसारखी हसतेय.

"टाकून दिलेल्या खुर्च्या गोळा केल्या, मावशी. नाव ठेवलंय 'एकटेपणा'!"

"टाकून दिलेल्या? तुझ्या बापानं टाकल्या होत्या?"

"अहो, कलाकारानं आता नुसती चित्रं काढायची नाहीत. त्याचं काम बदललंय. लोकांना एकत्र आणायचं!"

"आणलंस की! तुला बडवायला आलेत सगळे!" शेजारचा फ्रँक ओरडला.

पोरीनं टाळ्या पिटल्या. "हा राग! हाच तर लोकसहभाग!"

स्टेलाचं टाळकं सरकलं. तिनं तळातून आपली खुर्ची हिसकली. मनोरा असा कोसळला, जशी लग्नघरातली भांड्यांची चळत!

"ती व्हॅन कुणाची? काढा आधी! आणि तू रे फ्रँक, बघतोस काय? लेनीला धर!"

तुंबलेल्या रस्त्यातून लेनीला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून घरी नेलं. तो त्या खुर्चीतच घोरायला लागला. स्टेला बाहेर आली. व्हॅन हललेली, जागा रिकामी, आणि फ्रँकची गाडी हळूच तिकडंच सरकतेय!

"खुर्ची कुठाय, वहिनी?" फ्रँक दात काढत म्हणाला. "खुर्ची नाही, तर जागा नाही!"

स्टेलानं मॅरेनचं बखोट धरलं. "कलाकाराचं काम बदललंय ना? बस इथं! मी गाडी आणेपर्यंत तू खुर्ची!"

बसली बिचारी, बर्फात मांडी घालून. फ्रँकची काय बिशाद पुढं यायची!

रस्ता मोकळा होऊन स्टेला गाडी घेऊन आली, तर कलाकेंद्राचे साहेब मॅरेनभोवती फिरून फोटो काढतायत.

"वा! मनोऱ्यापेक्षा हे कितीतरी भारी! नाव काय याचं?"

स्टेलानं कर्कश्श हॉर्न मारला. "माझी जागा! व्हा बाजूला!"