दोन साडूंच्या ऑब्जेक्ट फाइली

"कालपर्यंत बरा होता, आज ओळखच देत नाही," जिनिंगच्या ऑफिसात प्रेमराजभाऊ जुन्या कॉम्प्युटरसमोर पुटपुटले.

दोन गोष्टी जोडण्यापूर्वी त्या का जुळत नाहीत याचा सखोल अभ्यास करावा, हे प्रगत समाजाचं लक्षण आहे.

वस्तुस्थिती अशी. जळगावचे प्रेमराजभाऊ आणि धुळ्याचे सुकदेवभाऊ हे साडू. तरुणपणी दोघांनी मिळून या जिनिंगसाठी डॉसवर प्रोग्राम लिहिला. काट्यावरच्या वजनाचा भाग यांचा, बिलाचा त्यांचा. पुढे बोदवडच्या एका लग्नात सुकदेवभाऊंना टॉवेल मिळाला, टोपी मिळाली नाही. (टोप्या वाटायला प्रेमराजभाऊ बसले होते.) तेव्हा सुकदेवभाऊंनी बोलणं सोडलं आणि कंपायलर बदलला. बिलाची नवी ऑब्जेक्ट फाइल एसटीच्या पार्सलनं आली. मूळ लिखाण, म्हणजे सोर्स, धुळ्यातच राहिलं. कंपायलरनं त्यातून बनवलेली ऑब्जेक्ट फाइल फक्त मशीनला कळते, माणसाला नाही. त्यामुळे नातेवाइकांत ती अत्यंत सोयीची.

इतकी वर्षं आम्ही ऑफिसातले लोक वजन एकीकडून बघून दुसरीकडे हातानं टाकत होतो. आता जिनिंगचे मालक रतनलालशेठ म्हणाले, दसऱ्याआधी दोन्ही जोडा, नाहीतर नवं सॉफ्टवेअर आणतो. म्हणजे प्रेमराजभाऊंचा उभा जन्म भंगारात.

अडचण शुद्ध तांत्रिक होती. एक कंपायलर प्रत्येक नावाआधी खाली रेघ मारतो, दुसरा मारत नाही. त्यामुळे फाइली जोडणारा लिंकर समोरच्यालाही 'असं कुणी सापडत नाही' म्हणतो. भाऊंनी लिंकर बदलले. रेघा हातानं पुसल्या. मग फाइली जुळल्या, पण वजन भावाच्या जागी गेलं आणि भाव वजनाच्या. बारा क्विंटल कापूस सात हजार क्विंटल झाला, भाव बारा रुपये. (एकूण रक्कम बरोबर आल्यानं याची नोंद 'अंशतः यश' अशी झाली.) माझं मत विचारलं, तेव्हा मी रॅम पुसून बघू म्हणाले. हिशेबनीस चुडामण यांनी अर्थिंगवर संशय घेतला. शेठजींना दोष उकाड्याचा वाटला.

सोपा उपाय वाचकांना केव्हाच सुचला असेल. आम्हालाही सुचला होता. पण अशा वेळी तांत्रिक चर्चा कशी लांबवावी हे आपल्याला शिकवायला नको. आपणही एक फोन टाळूनच हे वाचत बसला आहात.

डबा घेऊन आलेल्या कमलबाईंनी, म्हणजे प्रेमराजभाऊंच्या बायकोनं, अर्थिंगची चर्चा पूर्ण ऐकून घेतली.

"मनी बहीण रोज बोलस मनासंगे," त्या म्हणाल्या. "सुकदेवभाऊ बी तठे तुमना फोननीच वाट दखी ऱ्हायनात. लावा."