दुसऱ्या घराचा पहिला हप्ता

माणसाला झोपायला एक घर लागतं आणि झोप उडवायला दुसरं. पहिल्याला निवारा म्हणतात, दुसऱ्याला गुंतवणूक.

आमचे साडू चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. बावीस वर्षं नोकरी करून त्यांनी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं घर फेडलं होतं, आणि महिनाअखेरीला चार पैसे उरतही होते. ही गोष्ट चष्मा करायला आलेल्या एका घरांच्या एजंटाच्या कानावर गेली. (चष्मा अजून तयार व्हायचा होता, पण एजंटाला दिसायचं ते दिसलं.) पंधरा दिवसांत साडूंनी गावाबाहेर सातव्या मजल्यावर घर घेतलं.

"भाडेकरू हप्ता भरणार, आपण नुसतं मालक व्हायचं," ते मेहुणीला म्हणाले.

"आणि भाडं पुरलं नाही तर?"

"शुभ बोल गं!"

या आर्थिक खुलाशाने तिचं समाधान झालं, असं साडूंनी गृहीत धरलं.

भाडेकरू मिळाला. त्याच्या भाड्यात हप्त्याचे बारा दिवस निघत. उरलेल्या अठरा दिवसांसाठी घरखर्चाची पुनर्रचना हाती घेण्यात आली. दूध निम्म्यावर आलं. पंखा माणशी वीस मिनिटं. पाहुणे स्थगित, त्यामुळे साखरेत एकेचाळीस टक्के बचत झाल्याचं साडूंनी मला फोनवर कळवलं. (मी पाहुण्यांत मोडत असल्याने समक्ष सांगणं नियमात बसत नव्हतं.) मुलीचा चित्रकलेचा वर्ग बंद झाला, कारण रंग संपतात आणि पुन्हा आणावे लागतात. तिने ब्रश धुतले, पुसले आणि कपाटात ठेवून दिले.

तरी महिन्याचे सहा दिवस उघडे पडतच. मग आतली खोली एका दातांच्या डॉक्टरला दिली. डॉक्टर सज्जन होता. त्याने भाडं वेळेवर दिलं आणि वर्षभरात लग्नही केलं. नव्या जोडप्याला आता सगळंच घर हवं होतं, आणि रक्कम चांगली देऊ केली होती. साडूंनी कागद पुढे ओढला. ज्या घरात आपण फुकट राहतो ते घर तोट्यात आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. महिन्याच्या आत कुटुंब लाँड्रीच्या वरच्या एका खोलीत राहायला गेलं. खोली उबदार होती, बारा महिने.

एकदा मेहुणी जुन्या घरी राहिलेलं पातेलं आणायला गेली. बेल वाजवून उभी राहिली. डॉक्टरच्या बायकोने दार उघडलं.

"या ना काकू! संकोच करू नका, आपलंच घर समजा."

मेहुणी खुर्चीच्या कडेवर बसली, चहा प्यायली आणि पातेलं न घेताच परत आली.

"ते सातव्या मजल्यावरचं विकून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "मला माझं दार हवंय."

"भाव चढतायत. आत्ता विकेल तो वेडा."

"आणि उतरले तर?"

"तेव्हा विकेल तो ठार वेडा."

त्यामुळे विकायचा मुहूर्त निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणी डॉक्टरच्या बायकोला भेटली, आणि आता रोज सकाळी तिथे स्वयंपाकाला जाते. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या पातेल्यात, पगार घेऊन. म्हणते, "तेवढे दोन तास तरी घरी असते." साडूंनी हा पगार 'मालमत्तेपासून इतर उत्पन्न' या सदरात धरला आहे.

कागदावर ते आता श्रीमंत आहेत. म्हणूनच एजंटाने गेल्या रविवारी त्यांचं भाषण ठेवलं: 'घरखर्च सांभाळून दोन घरांचे मालक कसे व्हाल?' मी वेळेच्या आधी पोचलो, तरी सभागृह गच्च. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून टेकायला गेलो, तर शेजारचा म्हणाला, "धरलीय ती."

खुर्चीवर रुमाल होता. मी ओळखला. तुमचा होता.